गाडीत गाद्या असल्या की

२ फेब्रुवारी, रविवार

बाबा,

फोनवर तुम्ही "बरा आहे, ठेव आता" एवढंच म्हणता आणि मला जे सांगायचं असतं ते माझ्या तोंडातच राहतं. म्हणून लिहायला बसलो. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण निदान ते मला दिसणार नाही.

आधी खुशाली. ताईचा भोपळ्या बरा आहे. इस्पितळातून घरी आल्यापासून एकदाच छाती वाजली, ती पंपावर भागली. पंपाचा मास्क तो आता स्वतःच नाकाला लावतो आणि "गप्प बसा, मी विमान चालवतोय" म्हणतो. ताई बरी आहे. तिने तुमची चौकशी केली असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे हे तुम्ही पहिल्याच ओळीत ओळखलं असतं. तिने चौकशी केली नाही. मात्र तुमची खाट अजून तिथेच आहे. उशीचा अभ्रा वास जाईना म्हणून तिने पुन्हा पुन्हा धुतला आणि पुन्हा त्याच उशीला घातला. यावरून काय समजायचं ते तुम्ही समजा.

त्या दिवशी दारात जे बोलणं झालं त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही. ताईचं म्हणणं, घरात धूर नको. तुमचं म्हणणं, मग मीही नको. मला तुम्ही दोघंही एकाच घरात हवे आहात. बाकी माझी काही मागणी नाही.

आता कामावरची एक गोष्ट. आधीच सांगतो, रागावू नका.

मी ज्या विभागात खाटा आणि ट्रॉल्या ढकलतो, तिथल्या सिस्टरांचं सध्या शिक्षण चालू आहे. ज्या मुलाच्या घरात कोणी सिगारेट ओढतं, त्या घरच्या माणसांशी कसं बोलायचं, हा विषय. औषध कसं द्यायचं ते सगळ्यांना येतं, पण हा विषय निघाला की सिस्टर एकतर ओरडतात नाहीतर गप्प बसतात, असं शिकवणाऱ्या बाई म्हणतात. बाई स्वतः जुन्या सिस्टर आहेत. आवाज मऊ, पण त्या बोलत असताना कुणी चुळबुळ करत नाही. शिकवण्याची त्यांची रीत अशी की एका खुर्चीवर खोटा बाप बसवायचा, समोर एका सिस्टरला बसवायचं, आणि खऱ्यासारखं बोलायला लावायचं. बाकीच्यांनी गोल बसून ऐकायचं.

औषधांच्या खिडकीवरचा माणूस बाप व्हायचा. पण त्याला खुर्चीत बसलं की हसूच यायचं. बाईंनी त्याला उठवलं, इकडेतिकडे पाहिलं, तर मी खुर्च्या सरळ करत होतो.

"तू रे. तू ओढतोस का?"

"नाही."

"ओढणाऱ्यासारखं बोलता येतं?"

मी म्हणालो, "ते येतं."

मग मी खुर्चीत बसलो. समोर आमच्या थोरल्या सिस्टर. या फार जुन्या, मनाने लोण्यासारख्या, पण तोंडाने तोफ. त्यांनी सुरुवातच केली, "अहो, काही लाजलज्जा? लेकराच्या छातीची चाळण केलीत की!"

मी पाय लांब केले आणि म्हणालो, "हां, बोला बोला. माझ्या धुरात दोन वाढली. दोन्ही धडधाकट. एक तर तुमच्याकडेच खाटा ढकलतो."

अशी हसली सगळी म्हणून सांगू! थोरल्या सिस्टरसुद्धा. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "याला उद्यापासून रोज बसवा."

मी जे बोललो ते मनानेच बोललो. कुणाची नक्कल केली नाही.

जेवण वेळेवर करा. तुमच्या खोलीखालच्या दुकानदाराला माझा नंबर पुन्हा कळवला आहे.

तुमचा,
कारकून

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबा,

तुमचं उत्तर आलेलं नाही. पोस्टाला उशीर होतो हे मला माहीत आहे. घाई नाही.

मागच्या पत्रात शेवटी एक ओळ लिहिली, ती मला सारखी टोचते. नक्कल केली नाही असं लिहिलं. केली. पूर्ण तुमचीच केली. पाय लांब सोडून बसायचं, समोरचा बोलायला लागला की डोळे अर्धे मिटायचे आणि "हां, बोला बोला" म्हणायचं, हे तुमचं आहे. पटलं नाही की खिशावरून हात फिरवायचा, सिगारेटचं पाकीट आहे ना ते बघायला, तेही तुमचंच. पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्याबरोबर माझा हात आपोआप खिशाकडे गेला. खिशात रुमाल होता.

चेष्टा करायला केली नाही, एवढं खरं धरा. तुम्ही गेल्यापासून घरात तुमचा आवाज नाही. तो खुर्चीत बसलं की ऐकू येतो. मला तिथे जायला आवडतं. कामावर निघताना ताई म्हणते, "आजकाल फार खुशीत असतोस, काय भानगड?" मी काही सांगत नाही.

खुर्चीत बसल्या बसल्या मला गाडी आठवते. आपली म्हातारी. तिला ढकलल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही, आणि ढकलणाऱ्याला तुम्ही आतून "अरे, नाश्ता केला नाहीस का?" असं ओरडायचात. आठवीनंतर माझी शाळा सुटली त्याचं लोकांना वाईट वाटतं, मला तेवढं वाटत नाही. मी तुमच्या शेजारी बसून अर्धं गाव बघितलं. एका घराचं सामान काढायचं, दुसऱ्या घरात लावायचं. कपाट कुठल्या कुशीवर वळवलं की दारातून निघतं, काचेची भांडी कुठल्या कपड्यात गुंडाळायची, हे मला कुणी कागदावर शिकवलं नाही. दुकानांच्या पाट्या वाचत जायचो आणि तुम्ही विचारायचात, "यात चूक कुठे आहे सांग, कारकून." मी सांगितलं की म्हणायचात, "पोरगं साहेब होणार." ते झालं नाही, पण कुठल्या अक्षरावर अनुस्वार द्यायचा ते मला अजून चुकत नाही.

सामान लावून झालं, दोर सोडले, ताडपत्री घडी केली की तुम्ही काडी ओढायचात. पहिल्या झुरक्याला म्हणायचात, "झालं. लागलं एक घर मार्गी." मग गाडी सुरू, काच दोन बोटं खाली, उजवा हात बाहेर. त्या वासाला मी अजून चांगला वास म्हणतो. हे बाईंना सांगता येत नाही. पेट्रोल, ताडपत्री, तुमचा सदरा आणि तो धूर. मला डोळे मिटून कुणी तो वास दिला तर मी तिथेच झोपेन.

काच दोन बोटं खाली केली की धूर बाहेर जातो, हे मी खुर्चीतून सिस्टरांना ठासून सांगितलं, तुम्ही सांगायचात तसंच. त्यावर बाईंनी सगळ्यांना समजावलं की तो जात नाही. दिसायचा थांबतो, वासही कमी होतो, पण बराचसा आतच राहतो. सीटवर, कपड्यांवर, केसांत. खिडकी उघडली, पंखा लावला, दुसऱ्या खोलीत जाऊन दार लोटलं, तरी पोरापर्यंत पोचतो. बाहेर, दारापासून लांब, एवढाच उपाय. मी तुम्हाला शिकवत नाही. मी फक्त काय ऐकलं ते लिहितो.

या आठवड्यात मी एक चूक केली आणि बोलणी खाल्ली. नवीन लागलेली एक चष्मेवाली सिस्टर आहे, अंगाने काडी, आवाज तर त्याहून बारीक. तिची पाळी आली. ती म्हणाली, "दादा, तुम्ही... म्हणजे आपण जर... बाळाला त्रास..." चष्मा भरून आला. मला बघवेना. मी म्हणालो, "बरं बाई, सोडतो आजपासून."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई उठल्या.

"का हरलास?"

"ती रडायला आली होती."

"मग? उद्या हिच्यापुढे खरा माणूस बसेल. तो रडणाऱ्या पोरीकडे बघून सिगारेट सोडणार आहे? तू दया दाखवलीस आणि ही रिकाम्या हाताने घरी चालली." मग चष्मेवालीकडे वळून, "आणि तू. सोडायला सांग असं तुला कुणी सांगितलं? आधी विचार. माणूस कसा राहतो ते विचार. त्याला चोर करू नकोस."

चष्मेवाली म्हणाली, "बाई, पण हे फार अवघड बाप आहेत."

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. जणू तुमचंच कौतुक झालं.

तुमचा,
कारकून

२ मार्च, रविवार

बाबा,

आज जे लिहितो ते सावकाश वाचा. मीही सावकाश लिहितो आहे. दोन कागद खराब झाले.

काल चष्मेवालीची पुन्हा पाळी होती. मी पाय लांब करून तयार. ती आली, खुर्ची थोडी तिरकी केली, म्हणजे आम्ही समोरासमोर नाही तर शेजारी बसल्यासारखे झालो. तिने आधी मुलाचं विचारलं, झोपतो का, खेळतो का. मग विचारलं, "दादा, ओढण्याबद्दल बोललं तर चालेल का?" मी म्हणालो, "हां, बोला बोला." आता ती विचारणार, कुठे कुठे ओढता. त्याचं उत्तर माझं तयार असतं. सगळे तेच विचारतात आणि मग पोलीस चौकीत बसल्यासारखं होतं.

तिने विचारलं, "असं एखादं ठिकाण आहे का, जिथे तुम्ही ओढत नाही?"

बाबा, मी विचार न करता बोललो. म्हणालो, "गिऱ्हाइकाच्या घरात कधी नाही. आणि गाडीत गाद्या असल्या की मागे कुणालाही ओढू देत नाही."

"का हो?"

"गादी धूर पिते. लोक तिच्यावर तोंड ठेवून झोपतात."

हे तुमचं वाक्य आहे, अक्षराक्षर. मग मला थांबता आलं नाही. मी तो हमालाचा किस्सा सांगितला. तुम्हाला आठवतो का? उंच, एका कानाने कमी ऐकणारा, त्याला तुम्ही "स्टेशन" म्हणायचात, कारण सगळं दोनदा सांगावं लागायचं. त्या दिवशी मागे गाद्या होत्या, एक पाळण्यातली छोटी गादीही होती, आणि त्याने मागे बसून विडी पेटवली. तुम्हाला आरशात दिसलं. भर रस्त्यात गाडी थांबवून तुम्ही त्याला खाली उतरवलंत.

तो म्हणाला, "मालक, तुम्ही पुढे ओढताच की!"

तुम्ही म्हणालात, "पुढे गादी आहे का? पुढे माझं पोरगं आहे."

मी खुर्चीतून हे तुमच्या आवाजात सांगितलं. नेहमीसारखी पहिल्यांदा सगळी हसली. थोरल्या सिस्टरनी तर मांडीवर हात मारला. मग हसू एकेकाच्या तोंडावरून गेलं. मलाही तेव्हाच ऐकू आलं, मी काय बोललो ते.

खरं सांगतो, त्या दिवशी गाडीत मला फार मोठं वाटलं होतं. स्टेशनला मागे ठेवून गाडी निघाली, तुम्ही माझ्या मांडीवर थाप मारलीत. माझं पोरगं, असं तुम्ही परक्या माणसाला पहिल्यांदा सांगितलंत. आजही ती आठवण मी कुणाला देणार नाही. पण काल ती आठवण सांगता सांगता मी आजारी पोराचा बाप होऊन बसलो होतो.

चष्मेवालीने घाई केली नाही. नंतर हळूच म्हणाली, "म्हणजे दादा, हे तुम्हाला आमच्याहून आधी माहीत आहे. गादीसाठी तुम्ही कसं जमवत होता? लांब पल्ला असला तर?"

मी म्हणालो, "गाडी थांबवायची. उतरायचं. लांब जाऊन ओढायची. हात झटकायचे. मग यायचं."

"घरी असं जमेल?"

त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे. मी बाईंना म्हणालो, "माझ्याच्याने आज होत नाही," आणि खुर्ची सोडली.

शिक्षण संपल्यावर खुर्च्या आवरत होतो. बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "वडील ना?"

मी म्हणालो, "हो."

"आहेत?"

"आहेत. लांब आहेत. रागावून गेलेत."

मग मी त्यांना ते विचारलं जे मी दोन पत्रं टाळलं. दारात ताई जे बोलली ते. "आईचं काय झालं ते विसरलात का?" हे. त्यानंतर तुम्ही पिशवी उचललीत आणि गेलात. मी बाईंना विचारलं, आमची आई छातीच्या आजाराने गेली, ती कधीच ओढत नव्हती, मग ते यांच्या धुरानेच का?

बाई एका खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "धुराने शेजारची माणसंही आजारी पडतात, ते खरं आहे. पण तुझ्या आईचं काय झालं ते मला ठाऊक नाही. तुलाही नाही. एका माणसाचं असं बोट ठेवून कुणाला सांगता येत नाही. ज्याला ते बोलून दाखवायचं असतं त्याला मुलासाठी बोलायचं नसतं, भांडायचं असतं." खोली अंधारायला आली तेव्हा दिवा लावत म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचा हिशेब मागितला की समोरचा उठून जातो. राहिलेल्याबद्दल विचार. थांबेल."

बाबा, ताईलाही ते ठाऊक नव्हतं. घाबरली होती. नुकतीच पोराच्या नाकाला नळी लावलेली बघितली होती तिने.

तुमचा,
कारकून

१५ मार्च, शनिवार

बाबा,

ताईला सगळं सांगितलं. खोट्या बापाचं, खुर्चीचं, स्टेशनचं. स्वयंपाकघरात ती ओटा पुसत होती. आधी भडकली. "म्हणजे आपलं घर तू तिकडे तमाशाला ठेवलंस?" मी म्हणालो, नाव कुणाचंच घेतलं नाही. "नाव न घेता काय राहिलं रे? पाय लांब करून 'हां, बोला बोला' केलंस ना?" आणि असं म्हणताना तिनेही पाय लांब केले, खिशावरून हात फिरवला. गाउनला खिसा नाही. आम्ही दोघं हसायला लागलो, बाबा. भोपळ्या आतून आला आणि काही कळत नसताना आमच्याहून जोरात हसला. हसून हसून त्याला खोकला आला, मग आम्ही थांबलो.

स्टेशनचा किस्सा तिला ठाऊकच नव्हता. ती गाडीत कधी बसली नाही. ती म्हणाली, "मला नेहमी वाटायचं, तुम्ही दोघं बाहेर मजा करता आणि मी आणि आई घरी." मग म्हणाली, "आई खिडकीत उभी राहायची. गाडीचा आवाज आला की चहा टाकायची. तुम्ही यायच्या आधी उकळलेला असायचा." हे मला ठाऊक नव्हतं. चहा नेहमी तयार कसा असतो, असा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

मग तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मी विचारलं, "बोलवू का?" ती म्हणाली, "येतील आणि पुन्हा गॅलरीत उभे राहतील. धूर आत, हे बाहेर. पुन्हा पोराला घेऊन मी धावायची. मला नाही ते परत करायचं." मी म्हणालो, "गॅलरीत नाही. खाली." ती म्हणाली, "या वयात जिने उतरून? ते ऐकतील?"

हे तुम्हालाच ठाऊक. म्हणून तुम्हाला विचारतो. शिकवणीत शिकलो तसं विचारतो, चोर करून नाही.

खाली फाटकाबाहेर झाडाखाली एक बाक आहे. दारापासून आणि खिडक्यांपासून लांब. ओढायची ती तिथे. वर येताना सदरा बदलायचा, हात धुवायचे. भोपळ्याला लगेच उचलायचं नाही, हे कठीण आहे, कारण तो उडी मारतो. घरात असताना अगदीच राहवलं नाही तर चघळायची गोळी असते, ती आमच्या इस्पितळातून मिळते. थोरल्या सिस्टरांच्या नवऱ्याने ती सुरू केली आहे. त्या सगळ्यांना सांगतात, "दिवसभर बकरीसारखा तोंड हलवतो, पण पडदे धुवायचे वाचले."

सोडा असं मी म्हणत नाही. सोडलीत तर मला आनंद होईल, पण ते तुमचं. मी फक्त घर म्हणतो.

भोपळ्या तुमच्या खाटेवर बसतो आणि म्हणतो, ही आजोबांची गाडी. मागे सामान भरतो, म्हणजे उश्या. मला ढकलायला लावतो. "नाश्ता केला नाहीस का?" असं ओरडतो. हे त्याला मी शिकवलेलं नाही. तुम्हीच शिकवलं असणार, कधी ते मला माहीत नाही.

उत्तर द्या. काहीही द्या.

तुमचा,
कारकून

५ एप्रिल, शनिवार

बाबा,

तुमचं कार्ड आलं. ते मी ताईला वाचून दाखवलं, मग तिने माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे मला बरोबर समजलं आहे ना ते तुम्हाला कळेल:

"कारकून, पत्रं मिळाली. स्टेशनचं खरं आहे. मी तेव्हा हसलो होतो. तुझ्या पत्रानंतर हसू येईना. ओढणं सुटेल असं वाटत नाही, खोटं कशाला बोलू. जिने उतरेन. येऊ का?"

उत्तर काय द्यायचं ते ठरलेलंच आहे, पण काही गोष्टी नीट लिहून देतो म्हणजे घोटाळा नको. सकाळच्या गाडीने या, ती कमी भरलेली असते. मी स्थानकावर येईन. धुतलेले सदरे पिशवीत वर ठेवा. पाकीट सदऱ्याच्या खिशात न ठेवता बाहेरच्या पिशवीत ठेवायचं, ती पिशवी आपण खाली जिन्याच्या कोपऱ्यात खुंटीला लावू, मी खुंटी मारली आहे. गुडघ्यांसाठी कठड्याला दोरी बांधली आहे, आपल्याच गाठीने. पाऊस असेल तर बाकावर बसता येणार नाही, त्याला फाटकाशेजारची शेड आहे, पण शेडला एक खिडकी लागून आहे, त्या घरातही लहान मूल आहे, तेव्हा शेडच्या पलीकडच्या टोकाला. भोपळ्याचा पंप कसा द्यायचा ते मी तुम्हाला आल्यावर दाखवेन, आधी पंप हलवायचा, मग

बाबा, मी आहे. याच्या हातातून पेन घेतलं. याचे नियम वाचू नका, दोन पानं आहेत, तुम्ही पोचाल तेव्हा चार होतील. काय ते मी सांगेन.

आईबद्दल मी बोलले ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना बोलले. तुम्ही पिशवी घेऊन जिना उतरत होता तेव्हा हाक मारायची होती, पण कडेवरचं पोर नुकतं झोपलं होतं.

पंप मीच शिकवेन. सोपा आहे. मी कामावर असेन तेव्हा तुम्हालाच द्यावा लागणार आहे, दुसरं कोण आहे?

बाकावर बसाल तेव्हा वर बघून हाक मारा. पोर याच्यापाशी ठेवून मी खाली येईन. धूर येणार नाही अशी वाऱ्याच्या अलीकडे बसेन. मला तुम्ही गाडीत कधी नेलं नाहीत, तेव्हाचं सगळं सांगायचं आहे तुम्ही.

या.